पेव

कूलर बंद ठेवावा लागतो.
बाहेर शेहेचाळीस, मे महिना, नागपूर,
आणि टेबलावर अडीच हजार वर्षांमागची लाखोळी,
जी एका फुंकरीनं उडेल.

घाम थेट डोळ्यांत. चिमट्याच्या टोकाशी
एक जळका दाणा, वजन नसल्यात जमा.
मी वहीत लिहिते: काटोल रोड, खड्डा चार, थर सहावा.
तांदूळ दोनशे बारा. लाखोळी एकसष्ट. जवस नऊ.
ओळख पटली नाही: चौदा.

माती आधी पाण्यात सोडायची.
खडा, खापर तळाशी बसतं,
जळलेलं तेवढं वर तरंगत येतं.
जे शिजलं ते गेलं, जे उगवलं तेही गेलं,
आपापल्या वाटेनं, सुखानं.
हाती लागतं ते फक्त त्या रात्रीचं
ज्या रात्री पेवाला आग लागली
आणि कोणीतरी काठावर बसून ऊर बडवला.

पेव ओळखलं भिवा उईकेनं, साहेबांच्याही आधी.
काळ्या मातीत एक गोल, राखाडी कड,
आतून बोटभर लेप. हात फिरवून म्हणाला,
"हे घर नोय मॅडम. घर कोनी एवढं लिपत नाई.
मानूस भिजला त वाळते.
दाना भिजला त गेला."

शेजारीच त्यांच्या घराची जमीन होती. ओबडधोबड.
खांबांचे खळगे वाकडेतिकडे.

एक माणूस पेवाच्या तोंडावर झोपत असणार.
त्यानं त्या वर्षी नांगरलं नाही, निंदलं नाही,
तरी जेवला. पोटभर.
बाकीच्यांनी ते पाहिलं
आणि कोणी काही बोललं नाही.
पुढच्या वर्षी त्याच्या हातात काठी होती.
त्याच्या पोराच्या हातात माप.
नातवाकडे घोडा, घोड्याच्या कपाळावर तांब्याचा पत्रा.
आपण सहज म्हणतो ना, अमक्याचं पेव फुटलं?
तसं फुटलं मग: तट, वेशी, शिक्के, सारा,
देवळं, दप्तरं, आणि बऱ्याच काळानं
माझी ही तात्पुरती नोकरी, अकरा महिन्यांची.

दुपारी डबा घेऊन आम्ही दगडांच्या वर्तुळापाशी बसतो.
आत कोणी पुरलाय, ते अजून उघडलेलं नाही.
भिवा भाकर मोडतो, दगड मोजतो.
"एवढ्याल्या गोट्याले वीस मानसं, आठ दिवस.
जेवन कोन देल्लं असंन?"
मी उत्तर देत नाही.
वर्तुळ पाहते. पेवाचीच कड ती,
फक्त मोठी आखलेली.
मेलेल्यालाही त्यांनी
बियाण्यासारखं ठेवून पाहिलं.

संध्याकाळी स्कूटीवरून कळमन्याच्या बाजूनं घरी जाते.
ट्रकांची रांग, तुरीची पोती,
एक दलाल पोत्यात टोचणी खुपसतो,
वानगीची मूठ तळव्यावर पसरतो,
फुंकर मारतो,
भाव सांगतो, आणि मूठ तिथंच टाकून देतो.
कबुतरं धावतात.
माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.
असं फुंकू नका हो, म्हणावंसं वाटतं.

आज भिंगाखाली एक दाणा सापडला, गोल भोकाचा.
भोकाची कड इतकी नेटकी
की दागिन्यासाठी पाडलंय असं वाटावं.
टोका. आत शिरला, पोखरून खाल्लं, निघून गेला,
आगीच्या कितीतरी आधी.
म्हणजे राजा यायच्या अगोदर टोका आला होता.
मी हे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं
आणि साहेबांनी खोडायच्या आत मीच खोडलं.

उरले ते चौदा.
भिवाला भिंगातून दाखवले. त्यानं एक डोळा मिटला,
बराच वेळ पाहिलं.
"तन असंन," म्हणाला. मग, "नायत भाजी.
कोनं उपटलं, कोनं खाल्लं, त्यावर हाये."

चौदा दाणे वेगळ्या कुपीत.
झाकण घट्ट. चिठ्ठीवर फक्त तारीख.
आता कूलर लावते.